गळक्यांची बेरीज

शुभकार्याला दडस सरांना बोलवू नये, यावर आमच्या स्टाफरूमचं एकमत होतं. एरवी आमच्यात चहात आलं घालावं की वेलदोडा यावरही कधी एकमत झालं नाही. माणूस लाखात एक, पण साखरपुड्याला जाऊन, तोंडात पेढा असताना, "मुलगा उत्तम, मुलगी उत्तम, पण बेरीज तपासलीत का?" असं विचारणाऱ्या माणसाला कोण आवतण देईल? आमच्या हेडक्लार्कच्या मेव्हणीच्या साखरपुड्यात त्यांनी हे खरोखर विचारलं होतं. मुलाकडच्यांना वाटलं, देण्याघेण्याचं काही राहिलंय. कुजबुज सुरू झाली, मुलीचा मामा तावातावानं उठला, आणि शेवटी मला पुढं होऊन सांगावं लागलं की अहो, ते गणिताचे आहेत. गणिताचे म्हटल्यावर लोक माफ करतात. वेड्याला करतात तसं.

कराडला आमचं कॉलेज, आणि सरांच्याच गणित विभागात मी संख्याशास्त्र शिकवायचे. सर मला 'देसाईबाई' म्हणत. सर उंच, काटकुळे, उन्हात तापलेल्या रंगाचे. मूळचे माणदेशी, घरचा धंदा मेंढरांचा. वर्गात बोलणं शुद्ध, छापील म्हणावं असं. पण काही सुचलं, किंवा काही अडलं, की सगळा माणदेश जिभेवर यायचा. खडू कायम पँटच्या उजव्या खिशात. त्यामुळं त्या खिशाभोवती पांढरा डाग असे, आणि त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, तो धुवायचा नाद सोडून दिला होता.

सरांचा विषय म्हणजे बॅनाक स्पेसवरच्या ऑपरेटरांची आयडियल्स. घाबरू नका, मीही घाबरले होते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सरांनी डबा खाता खाता समजावलं होतं. बॅनाक स्पेस म्हणजे एक अफाट माळ, जिथं प्रत्येक गोष्टीला लांबी आहे आणि दिशा आहे. ऑपरेटर म्हणजे त्या माळावरचं एक यंत्र. एक गोष्ट आत घ्यायची, दुसरी बाहेर द्यायची. बाउंडेड म्हणजे यंत्र आवाक्यातलं, टाकलेल्याला वेडंवाकडं फुगवून आकाशाला नेणार नाही.

"आणि आयडियल?"

"हिंगाचा डबा घरात असतो का?"

"असतो की."

"त्यात काही ठेवा, त्याला हिंगाचा वास. तो डबा कशात ठेवा, त्यालाही हिंगाचा वास. आयडियल म्हणजे यंत्रांची अशी जमात. त्यातल्या यंत्राच्या मागं कुठलंही यंत्र जोडा, पुढं कुठलंही जोडा, सगळी जोडणी त्या जमातीचीच होते."

"मग सोपं आहे."

"हे सोपंच आहे. एक अट राहिली." त्यांनी आमटीत बुडवलेलं बोट ताटात टेकवलं आणि अधिकचं चिन्ह काढलं. "जमातीतली दोन यंत्रं घेतली, त्यांची बेरीज केली, तर ती जमातीत राहते का? माणसं हिथंच चुकतात बाई. गुणाकार तपासतात आणि बेरीज विसरतात."

त्यांच्या आवडीची एक जमात होती, तिला ते 'गळकी' म्हणत. ज्या यंत्रातून गेलेली गोष्ट मागंपुढं काहीही जोडून पुन्हा होती तशी मिळवता येत नाही, ते यंत्र गळकं. गळक्या घागरीला आधी चांगला पोहरा लावला काय, नंतर चांगला हंडा लावला काय, गळलेलं पाणी गळलेलंच. म्हणजे हिंगाची अट आपोआप झाली. पण दोन गळकी एकत्र आली तर? तीही गळकीच राहतात का? काही माळांवर राहतात. आपल्या ओळखीच्या बहुतेक माळांवर राहतात. आणि काहींवर राहत नाहीत. कुठं राहतात आणि कुठं नाही, हे शोधण्यात सरांची हयात गेली.

ही बेरीज मग त्यांच्या जिभेवर इतकी बसली की कुठंही निघायची. एकदा प्राचार्यांनी सभेत जाहीर केलं की मैदानावर स्नेहसंमेलन घ्यायचं आणि त्याच दिवशी वरच्या हॉलमध्ये बी.एस्सी.ची परीक्षा. दोन्हींची तयारी चोख. सर कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले. डोळे न उघडता म्हणाले, "बेरीज?" प्राचार्य चिडले, "कसली बेरीज, दडस सर? संमेलन वेगळं, परीक्षा वेगळी." झालं. ऐन परीक्षेत मैदानावर लावणीची तालीम सुरू झाली, आणि हॉलमधल्या पोरांचे पाय बाकाखाली ताल धरायला लागले. प्राचार्य नंतर आठवडाभर सरांशी बोलले नाहीत. जणू लावणी सरांनीच लावली होती.

कराडला लागूनच मलकापुरात त्यांचं छोटं घर. रस्त्याकडच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून त्यांनी काळा रंग दिला होता. तोच फळा. दर रविवारी सकाळी विद्यार्थी अंगणात चटईवर, आणि सर भिंतीशी. दूधवाला थांबायचा, भाजीची गाडी थांबायची. साखर कारखान्याचे एक संचालक एकदा गाडी थांबवून काच खाली करून म्हणाले, "सर, या सगळ्याचा उपयोग काय हो?" सर खडू हातात घेऊन त्यांच्या खिडकीशी गेले आणि अगदी मनापासून म्हणाले, "मला ठाऊक न्हाई. मीबी लय दिवस शोधतोय. तुमाला कळला तर सांगा की." संचालकांनी काच वर केली.

त्या चटईवरची सगळ्यात हुशार पोर म्हणजे सुजाता. वाळव्याकडची, उसाच्या रानातली. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, गावात त्यांना अण्णा म्हणत. सुजाता सरांकडं पीएच.डी. करत होती. बोलायला कमी, पण एकदा खडू हातात आला की थांबायची नाही. सर तिच्यावर खूश, पण तोंडानं कौतुक करायचं नाही हा माणदेशी नेम. फार खूश झाले की म्हणायचे, "हं. पुढं?"

दोघांनी मिळून एक नवाच माळ रचला होता, नवी स्पेस. प्रबंधाचं मुख्य प्रकरण असं, की या स्पेसवरची सगळी गळकी यंत्रं मिळून एक आयडियल होतं, आणि त्याहून मोठं दुसरं नाही. दोन बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध वाचला आणि शेरा चांगला दिला. सांगलीच्या एका कॉलेजात कायम प्राध्यापकाची जागा निघाली होती, मुलाखत जवळ आली होती. त्याआधी डिग्री हातात हवी. तेवढी तोंडी परीक्षा झाली की संपलं.

आता आमच्याकडं ही ओपन व्हायवा म्हणजे काय असते, ते ठाऊक असेल तर सोडून द्या, नसेल तर ऐका. ते लग्नच असतं. निकाल आधीच ठरलेला. घरचे जीप करून येतात, फेटे बांधतात, पहिल्या रांगेत बसतात. उमेदवार अर्धा तास बोलतो. मग अध्यक्ष सभागृहाकडं बघून म्हणतात, "कुणाला काही विचारायचंय?" यावर कुणी काही विचारायचं नसतं. मंगलाष्टकांच्या वेळी कुणी "माझी हरकत आहे" म्हणतं का? मग टाळ्या, पेढे, जेवण. जेवणाचं माझ्याकडं होतं. भरली वांगी, मसालेभात, बासुंदी, सगळं तयार होतं.

सांगलीच्याच संशोधन केंद्रात व्हायवा. एक परीक्षक समोर, दुसरे दक्षिणेतून पडद्यावर. अण्णा फेटा बांधून पहिल्या रांगेत, मागं सगळी भावकी. सुजाता छान बोलली. गळकी घागर तिनंही सांगितली, तेव्हा अण्णांनी मान डोलावली. अध्यक्ष म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" मी आचाऱ्याला खूण करायला उठले.

आणि डोळे मिटून बसलेले दडस सर, झोपेत कूस बदलावी इतक्या सहज म्हणाले, "बेरीज?"

सगळे हसले. सुजातासुद्धा. तिनं पडद्यावर ते पान काढलं. प्रबंधात तिथं एकच ओळ होती, बेरजेची अट सहज तपासता येते. "सर, ते सहज..." ती म्हणाली आणि थांबली. फळ्याकडं वळली. दोन ओळी लिहिल्या. तिसरी लिहायला हात उचलला तो तसाच राहिला. सरांनी डोळे उघडले. उठले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, दुसऱ्या खडूनं काही लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी सर वळले. त्यांचा चेहरा मला आजही बघवत नाही.

"मलाबी येत न्हाई," ते म्हणाले.

समोरचे परीक्षक भले गृहस्थ. म्हणाले, किरकोळ दुरुस्ती म्हणून लिहू, नंतर जोडा, आज होऊन जाऊ दे. पडद्यावरचेही हो म्हणाले. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं. सर म्हणाले, "किरकोळ नाही. पुढचं सगळं प्रकरण त्या ओळीवर उभं आहे." मग सगळ्यांनी सुजाताकडं पाहिलं. ती इतकंच म्हणाली, "सर म्हणतात ते बरोबर आहे," आणि खुर्चीत बसली. व्हायवा पुढं ढकलली.

पण जेवण काही पुढं ढकलता येईना. पानं वाढलेली. सगळे मुकाट्यानं जेवायला बसले. मयताच्या घरीसुद्धा यापेक्षा जास्त बोलतात. सर पानावर बसलेच नाहीत, वाढत सुटले. एका चुलत्याच्या मसालेभातावर त्यांनी बासुंदी ओतली आणि तो बिचारा तशीच कालवून जेवला. अण्णा हात धुऊन आले आणि सरांसमोर ताठ उभे राहिले.

"सर, फौजेत आपल्याच माणसावर गोळी सुटली तर कोर्ट मार्शल हुतं."

"करा," सर म्हणाले.

"तुमी पोरीला पाडायलाच इचारलं. येवडे मोटे परीक्षक गप बसले आन तुमी घरचेच."

सरांनी हातातलं बासुंदीचं भांडं खाली ठेवलं. सुजाता जीपमध्ये चढता चढता बोलली. "विचारायचं होतं तर आधी विचारायचं, सर. मलकापुरात. आपण दोघंच असताना."

"आधी सुचलं न्हाई गं."

तिनं दार ओढून घेतलं. तिचा विश्वास बसला नव्हता. खरं सांगायचं तर कुणाचाच बसला नाही. प्रबंध कितीदा वाचलेला, खाली सही केलेला गाइड, आणि त्याला नेमकं त्याच वेळी सुचतं? स्टाफरूममध्ये तर बोलणी रंगली. कुणी म्हणालं, पोर आपल्या पुढं जाईल ही भीती. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगलीची मुलाखत झाली आणि जागा दुसऱ्याला मिळाली. सुजाता रविवारी येईनाशी झाली. फोन उचलेना.

सर मात्र रविवारी भिंतीशी उभे राहायचे. ती तुटलेली ओळ जोडायला बघायचे. सगळी भिंत भरायची, मग ओल्या फडक्यानं सगळी पुसायचे. दूधवाला विचारायचा, "ताई येत न्हाईत व्हय आता?" सर म्हणायचे, "कामात हाय ती." चटईवरची इतर पोरंही हळूहळू कमी झाली. कोण आपली डिग्री पणाला लावणार?

एकदा मी न राहवून विचारलंच. "सर, खरं सांगा. तुम्हाला आधी दिसलं होतं का?"

ते रागावतील वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मुद्दाम इचारायला उत्तर ठावं असाय लागतं. पाडायचं असलं तर खड्डा कुठं हाय ते माहीत पाहिजे. मला काय माहीत? मला वाटलं ती सांगंल, आन मला कळंल. मला ऐकायचं हुतं." मग म्हणाले, "ती ओळ मी दरवेळी वाचली आणि दरवेळी पुढं गेलो. आपलीच होती ना. आपल्या घरचा उंबरा आपल्याला दिसत नाही." मला त्या दिवशी पटलं. पण मला पटून काय उपयोग? पटायचं होतं तिला.

आणि एका रविवारी ती आली. मी वहिनींकडं लोणच्याची बरणी द्यायला गेले होते, म्हणून बघायला मिळालं. स्कूटी लावली, नमस्कार नाही, चहा नाही, सरळ भिंतीशी गेली आणि सरांच्या हातातला खडू घेतला.

"सर, तुम्ही हे खरं ठरवायला बघताय. ते खोटंच आहे."

सर बाजूला झाले. तिनं लिहायला सुरुवात केली. मला जेवढं कळलं तेवढं सांगते. त्यांची ती स्पेस वरून एकजीव दिसायची, मळलेल्या कणकेसारखी. पण सुजातानं दाखवलं की ती मुळात दोन अगदी निराळ्या स्पेसची जोड आहे. आता एक यंत्र घ्या, जे पहिला भाग जसाच्या तसा ठेवतं आणि दुसरा फेकून देतं. दुसरं यंत्र याच्या उलट. पोत्यात ज्वारी-बाजरी मिसळलेली असेल, तर एक चाळण ज्वारी तेवढी ठेवते, दुसरी बाजरी तेवढी. दोन्ही गळक्या. पण दोन्हींत राहिलेलं एकत्र करा, आख्खं पोतं परत! दोन गळक्यांची बेरीज गळकी नाही. म्हणजे सगळ्यात मोठं असं एक आयडियल नाहीच. दोन आहेत.

"पुन्हा सांग," सर म्हणाले. तिनं पुन्हा सांगितलं. आणि मग तो माणूस जो हसत सुटला! अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. "दोन! आवं बाई, दोन हायती! आन आमी दोघं मिळून एकच, एकच म्हनत बसलेलो! अगं, तू दोन काढलीस की!" वहिनी हातातला पोळपाट घेऊन बाहेर आल्या.

सुजाताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "हसताय काय, सर? माझी नोकरी गेली. माझं वरीस गेलं."

सर जागच्या जागी थांबले. "व्हय," ते म्हणाले. "गेलं. ते मला भरून देता यायचं न्हाई. वाईट वाटतं मला, पोरी. रोज वाटतं."

दुसरी व्हायवा झाली. या खेपेला जीप नाही, फेटा नाही, अण्णा एकटेच एस.टी.नं आले. सर आत यायला तयार होईनात. "मी भाईर थांबतो. आत गेलो की तोंडातनं जाईल काहीतरी." पण ऐकल्याशिवाय राहवतंय कुठं? खिडकीचा गज धरून, मान वाकडी करून ऐकत उभे. अण्णांनी ते पाहिलं. उठून खिडकीशी गेले. म्हणाले, "आवं सर, आत या. काय इचारायचं ते इचारा. आता ती घट्ट हाय." सर आत आले, मागच्या बाकावर बसले, आणि एक शब्द बोलले नाहीत. सुजाताला डिग्री मिळाली. ती सरांच्या पाया पडली, पण तिनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं नाही. मी शेजारीच उभी होते. एखाद्यावर विश्वास टाकायचा की नाही हे जोवर ठरत नाही, तोवर माणूस असंच खाली बघतो.

पुढं सर निवृत्त झाले, सुजाता फलटणला एका कॉलेजात लागली, आणि माझाही संबंध कमी झाला. वहिनी फोनवर सांगायच्या, हल्ली विसरायला लागलेत, चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. मी म्हणायचे, ते तर आधीपासूनच होतं की. पण वहिनी हसायच्या नाहीत.

मग एकदा परीक्षेच्या कामाला मी फलटणला गेले. व्हरांड्यातून जाताना सुजाताचा आवाज ओळखू आला, म्हणून दाराशी थांबले. एम.एस्सी.चा वर्ग. आणि शेवटच्या बाकावर, कानटोपी घालून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन दडस सर! मलकापूरहून एवढ्या लांब, एस.टी.नं. दाराजवळच्या मुलीला हळूच विचारलं तर म्हणाली, "आजोबा दर गुरुवारी येतात."

सुजाता फळ्यावर गळक्यांचीच गोष्ट करत होती. ज्वारी, बाजरी, सगळं. सरांनी हात वर केला.

"मॅडम, ही तिसरी ओळ मला समजली नाही."

वर्गात पोरं खुदखुदली. सुजाता वळली. कितीतरी वेळ तिनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि मग तिनं विचारलं ते बहुधा सांगलीच्या त्या सभागृहापासून तिच्या घशात अडकलेलं होतं. "सर, खरंच समजली नाही, का माझी परीक्षा घेताय?"

सरांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"न्हाई गं पोरी," ते म्हणाले. "खरंच न्हाई कळली. मागच्या गुरवारी कळली हुती. आता डोस्क्यात ऱ्हात न्हाई. पन ऐकायला लय ग्वाड वाटतं."

सुजातानं डस्टर उचललं आणि तिसरी ओळ नव्हे, सगळा फळा पुसून काढला. मग अगदी वरून, पहिल्या ओळीपासून लिहायला लागली, मोठ्या अक्षरात, सावकाश. आणि प्रत्येक ओळीनंतर वळून, एवढा वर्ग समोर बसलेला असताना, फक्त शेवटच्या बाकाकडं बघून विचारत होती, "सर, इथवर?"